शस्त्रक्रियेच्या रुग्णाची शुश्रूषा: आधी कोणते शब्द कळावेत आणि लक्ष कोठे ठेवावे

परिचर्येच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, सर्जिकल वॉर्डात नेमणूक झाल्यावर शस्त्रक्रियेपूर्वीच्या आणि नंतरच्या काळजीच्या याद्या पाठ असूनही रुग्णासमोर उभे राहिले की आधी काय पाहावे हे उमगत नाही, आणि केसपेपरवरचे निम्मे शब्द अनोळखी वाटतात. तर कोणते शब्द आधी शिकावेत आणि कोणत्या गोष्टींना खरे महत्त्व द्यावे?

शस्त्रक्रियेच्या रुग्णाची शुश्रूषा ही मुख्यतः तुलनेवर उभी असते, असे माझे मत आहे. रुग्णाची नाडी मिनिटाला ९६ आहे या एकट्या नोंदीतून फारसे काही कळत नाही; तीच नाडी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ६८ होती, रिकव्हरीतून (शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या खोलीतून) आणताना ७८ होती आणि दर तासाला थोडी थोडी वाढत गेली आहे, हे कळले की त्या आकड्याला अर्थ येतो. म्हणून आधीची स्थिती नेमकी नोंदवणे आणि पुढची प्रत्येक नोंद तिच्याशी ताडून पाहणे हे काम बाकीच्या सर्व कामांच्या मुळाशी आहे. शब्दांचा उपयोगही यासाठीच आहे: रात्रपाळीच्या परिचारिकेने जे पाहिले तेच सकाळच्या परिचारिकेला वाचून कळावे, इतके ते नेमके असावेत.

प्रथम शब्दांविषयी. ‘पेरिऑपरेटिव्ह’ म्हणजे शस्त्रक्रियेच्या आगेमागेचा संपूर्ण काळ. शस्त्रक्रिया करण्याचे ठरल्यापासून रुग्ण ऑपरेशन टेबलावर जाईपर्यंतचा भाग प्रीऑपरेटिव्ह, तेथून रिकव्हरीत पोहोचेपर्यंतचा इंट्राऑपरेटिव्ह आणि त्यानंतर पूर्ण बरे होईपर्यंतचा पोस्टऑपरेटिव्ह. निकडीनुसार शस्त्रक्रिया इमर्जन्सी, अर्जंट किंवा इलेक्टिव्ह असते. इमर्जन्सी म्हणजे जीव किंवा अवयव वाचवण्यासाठी तत्काळ करावी लागणारी, अर्जंट म्हणजे एक-दोन दिवसांत व्हायलाच हवी अशी, आणि इलेक्टिव्ह म्हणजे सोयीचा दिवस ठरवून करता येणारी. हा भेद परिचारिकेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण इमर्जन्सीच्या रुग्णाचे पोट रिकामे असल्याची खात्री नसते, नेहमीच्या औषधांची माहिती अर्धवट असते आणि त्याच्या मनाची तयारी झालेली नसते.

शस्त्रक्रियांची नावे लांबलचक दिसली तरी त्यांचे शेपूट ओळखले की अर्धे काम होते. ‘एक्टमी’ असेल तर अवयव किंवा त्याचा भाग काढून टाकला आहे, जसे अपेंडिसेक्टमी किंवा पित्ताशय काढणारी कोलिसिस्टेक्टमी. ‘ऑटमी’ म्हणजे छेद घेऊन उघडणे. लॅपरॉटमीत पोट उघडले जाते. ‘ऑस्टमी’ म्हणजे बाहेर उघडणारे तोंड तयार करणे, जसे कोलॉस्टमी आणि ट्रेकिऑस्टमी. ‘प्लास्टी’ म्हणजे दुरुस्ती किंवा पुनर्रचना, ‘ऱ्हाफी’ म्हणजे शिवणे, ‘पेक्सी’ म्हणजे जागच्या जागी पक्के बसवणे, ‘डेसिस’ म्हणजे सांधा किंवा मणके एकमेकांत जोडून टाकणे आणि ‘स्कोपी’ म्हणजे दुर्बिणीने पाहणे. ऑटमी आणि ऑस्टमी या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक दिसतो, पण वॉर्डातल्या कामात फार मोठा फरक पडतो. ऑस्टमी झालेल्या रुग्णाच्या पोटावर किंवा गळ्यावर एक उघडे तोंड राहणार आहे आणि त्याची स्वतंत्र देखभाल करावी लागणार आहे. पोटावरचा स्टोमा, म्हणजे हे तोंड, ओलसर आणि गुलाबी किंवा लालसर दिसायला हवा. तो जांभळट किंवा काळपट पडू लागला तर रक्तपुरवठा कमी पडतो आहे असे समजून शल्यचिकित्सकांना लगेच कळवावे. ट्रेकिऑस्टमीच्या रुग्णाला हाक मारता येत नाही, म्हणून घंटा त्याच्या हाताशी, सक्शन (कफ ओढून काढणारे यंत्र) चालू स्थितीत, आणि त्याच मापाची एक व त्याहून एक माप लहान अशी दुसरी नळी खाटेजवळ असलीच पाहिजे. एका शेपटावरून इतकी तयारी रुग्ण वॉर्डात येण्याआधीच करता येते.

आणखी दोन वर्गीकरणे केसपेपरवर वारंवार दिसतील. एएसए श्रेणी ही भूलतज्ज्ञांनी रुग्णाच्या एकूण प्रकृतीला दिलेली श्रेणी असते. एक म्हणजे अन्यथा निरोगी, दोन म्हणजे सौम्य आजार, तीन म्हणजे गंभीर आजार, चार म्हणजे जिवाला सतत धोका असलेला आजार, पाच म्हणजे शस्त्रक्रियेविना वाचण्याची आशा नसलेला रुग्ण, आणि सहा म्हणजे अवयवदानासाठी घेतलेला मेंदूमृत दाता. ‘तीन’ किंवा त्यावरची श्रेणी दिसली तर त्या खाटेकडे अधिक वेळा फेरी मारावी. दुसरे वर्गीकरण जखमेचे: क्लीन, क्लीन-कंटॅमिनेटेड, कंटॅमिनेटेड आणि डर्टी. हर्नियाची साधी शस्त्रक्रिया पहिल्या वर्गात मोडते, तर आतडे फुटून पू झालेल्या पोटाची शेवटच्या. शेवटच्या वर्गातल्या जखमेची त्वचा काही वेळा मुद्दाम उघडी ठेवतात. ते पाहून टाके सुटले असे समजू नये.

आता शस्त्रक्रियेपूर्वीची काळजी. येथे सर्वांत आधी मूळ स्थितीची नोंद करावी: नाडी, रक्तदाब, श्वसनाचा दर, तापमान, ऑक्सिजनचे प्रमाण, वजन, रक्तातील साखर, आणि याद्यांत बहुधा मागे पडणाऱ्या गोष्टी, म्हणजे रुग्णाला कितपत ऐकू येते, तो एरवी किती चालतो, त्याला तारीख-वार नीट सांगता येतात का, पाठीवर किंवा टाचेवर आधीपासून एखादी जखम आहे का, हातापायांत आधीच बधिरता आहे का. शस्त्रक्रियेनंतर आजोबा गोंधळल्यासारखे बोलू लागले आणि ‘आधीपासूनच असे होते का’ या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसले, तर निदानाला उशीर होतो.

औषधांची चौकशी करताना ‘काही औषधे चालू आहेत का’ एवढेच विचारून थांबू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड, मधुमेहाची औषधे, रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, काढे व चूर्णे, तंबाखू आणि मद्य यांची नावे घेऊन स्वतंत्रपणे विचारावे. पुष्कळ लोक काढ्याला किंवा रोजच्या अ‍ॅस्पिरिनला औषध समजतच नाहीत. कोणते औषध थांबवायचे आणि कोणते घोटभर पाण्याबरोबर त्या दिवशीही द्यायचे हे भूलतज्ज्ञ ठरवतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याचे स्टेरॉइड किंवा बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारे, रक्तदाबाचे औषध) घेणाऱ्याची गोळी ‘रुग्ण उपाशी आहे’ एवढ्या कारणाने परस्पर बंद करणे धोक्याचे असते. अ‍ॅलर्जी विचारताना औषधांबरोबर लॅटेक्स, चिकटपट्टी आणि आयोडीन यांबद्दलही विचारावे, आणि नेमके काय झाले होते तेही लिहावे. पुरळ उठणे आणि घसा सुजून श्वास कोंडणे यांचे वजन सारखे नाही.

उपाशी ठेवण्याबाबत, ज्याला आपण एनबीएम किंवा एनपीओ लिहितो, जुनी सवय अशी की रात्री बारानंतर सरसकट सर्व बंद. इलेक्टिव्ह शस्त्रक्रियेच्या निरोगी रुग्णासाठी भूलशास्त्राचे सर्वमान्य अंतर वेगळे आहे: पाणी, गाळलेला रस किंवा दूध न घातलेला चहा यांसारखी पारदर्शक पेये २ तास आधीपर्यंत, आईचे दूध ४ तास, वरचे दूध व हलका आहार ६ तास, आणि तळलेले, तुपकट किंवा मांसाहारी जेवण ८ तास किंवा त्याहून अधिक. दुपारी तीनच्या शस्त्रक्रियेसाठी मध्यरात्रीपासून तहानलेल्या ठेवलेल्या वृद्धाचा रक्तदाब भूल देताच घसरू शकतो, आणि लहान मुलाची साखर उतरू शकते. त्यामुळे ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, यादीतील वेळ बदलली की भूलतज्ज्ञांना विचारून उपाशीपणाची वेळही बदलून घेणे हे परिचारिकेचे काम आहे. मधुमेही, गरोदर, स्थूल किंवा आतड्यात अडथळा असलेल्या रुग्णाचे पोट उशिरा रिकामे होऊ शकते; त्यांना हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

संमतीपत्राबाबत एवढेच सांगते की शस्त्रक्रिया, तिचे धोके आणि पर्याय समजावून सांगणे ही शल्यचिकित्सकाची जबाबदारी आहे. आपली साक्षीदाराची सही केवळ हे सांगते की सही रुग्णाने स्वतः, भानावर असताना आणि स्वखुशीने केली. रुग्णाला नेमके काय होणार आहे हे कळलेले नाही असे बोलण्यात जाणवले, तर स्वतः समजावण्याच्या भरात न पडता डॉक्टरांना परत बोलवावे, आणि तोपर्यंत गुंगीचे औषध देऊ नये, कारण त्यानंतर घेतलेल्या सहीला अर्थ राहत नाही.

शस्त्रक्रियेच्या जागेचे केस वस्तऱ्याने काढू नयेत. वस्तऱ्याने त्वचेवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही केस शक्यतो काढूच नयेत, काढावेच लागले तर क्लिपर वापरावा, असे स्पष्ट म्हटले आहे. छेदापूर्वी द्यायच्या अँटिबायोटिकची वेळही अशीच काटेकोर असते. बहुतेक औषधे छेदाच्या आधीच्या तासाभरात द्यायची असतात, म्हणजे छेद घेतेवेळी ऊतींमध्ये त्यांचे पुरेसे प्रमाण असते. वॉर्डात पहाटेच देऊन टाकलेला डोस दुपारच्या शस्त्रक्रियेला उपयोगी पडत नाही. दागिने, कृत्रिम दात, कॉन्टॅक्ट लेन्स काढणे, नखांचा रंग पुसणे, लघवी करून घेणे, हातावरचे ओळखपट्टे तपासणे ही कामे यादीप्रमाणे होतात. त्यांवर अधिक लिहीत नाही.

दीर्घ श्वास, खोकण्याची पद्धत आणि पाय हलवण्याचे व्यायाम मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच शिकवावेत. पोटावर ताजे टाके असलेल्या, अर्धवट गुंगीतल्या माणसाला उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचे कसे हे तेव्हा प्रथमच सांगितले, तर तो वेदनेच्या भीतीने खोकायचेच टाळतो.

ओटीतल्या कामाबद्दल थोडक्यात. हात धुऊन निर्जंतुक झगा घातलेली परिचारिका म्हणजे स्क्रब नर्स, आणि निर्जंतुक क्षेत्राबाहेर राहून सामान पुरवणारी, नोंदी ठेवणारी ती सर्क्युलेटिंग नर्स. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची १९ मुद्द्यांची तपासणी यादी तीन थांब्यांवर वाचली जाते: भूल देण्यापूर्वी साइन इन, छेदापूर्वी टाइम आउट आणि रुग्ण ओटीबाहेर जाण्यापूर्वी साइन आउट. आठ शहरांतील आठ रुग्णालयांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही यादी वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलेले आढळले. अर्थात, सर्वांनी थांबून, मोठ्याने, एकमेकांना ऐकू जाईल असे ती वाचली तरच. शेवटी कोपऱ्यात बसून सर्व चौकटींत खुणा करणे म्हणजे यादी वापरणे नव्हे. मॉप, सुया आणि हत्यारे सुरुवातीला, पोट किंवा छाती बंद करण्यापूर्वी आणि त्वचा शिवण्यापूर्वी मोजली जातात. हिशेब जुळला नाही तर तसे मोठ्याने सांगण्यास स्क्रब नर्सने कोणाच्याही ज्येष्ठतेचा संकोच धरू नये. कॉटरीची, म्हणजे विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाची, प्लेट मांसल, कोरड्या, केस नसलेल्या जागी लावावी, हाडाच्या उंचवट्यावर किंवा धातूच्या इम्प्लांटवर नको. लिथॉटमी स्थितीत (उताणे झोपवून पाय वर आधारावर फाकवून ठेवतात तेव्हा) गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूवर दाब पडून पेरोनिअल नस दुखावते आणि पाऊल लुळे पडू शकते, म्हणून तेथे गादी द्यावी. शरीराचे तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेले तर रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि जखमेतील संसर्गाचा धोका वाढतो. रुग्ण थंड पडल्यावर ऊब देण्यापेक्षा आधीपासून ऊब देणे सोपे असते.

रिकव्हरीत आणलेल्या रुग्णाकडे पाहण्याचा क्रम ठरलेला आहे: श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध, आणि मग जखम. जीभ मागे पडून घोरल्यासारखा आवाज येत असेल तर हनुवटी वर उचलून जबडा पुढे घ्यावा. आवाज अजिबातच येत नसेल आणि छाती मात्र ओढ घेत असेल, तर तो पूर्ण अडथळा असतो. शांतता पाहून निर्धास्त होऊ नये. वॉर्डात पाठवण्याची तयारी ठरवण्यासाठी बहुतेक ठिकाणी १९७० पासून वापरात असलेला अ‍ॅल्ड्रेट स्कोअर घेतात. त्यात हालचाल, श्वसन, रक्ताभिसरण, शुद्ध आणि ऑक्सिजनचे प्रमाण (मूळ पद्धतीत त्वचेचा रंग) यांना शून्य ते दोन गुण असतात आणि साधारणपणे दहापैकी नऊ गुण झाले की रुग्णाला हलवतात. वॉर्डातल्या परिचारिकेने हँडओव्हर घेताना कोणती शस्त्रक्रिया झाली, भूल कोणती होती, रक्तस्राव किती झाला, काय काय दिले, शेवटचे वेदनाशामक केव्हा दिले, नळ्या किती आणि कोठे आहेत, या गोष्टी विचारल्याशिवाय रुग्ण ताब्यात घेऊ नये.

वॉर्डातल्या पहिल्या चोवीस तासांत मला सर्वाधिक चिंता रक्तस्रावाची असते, आणि येथेच तुलनेचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते. प्रौढ माणसाचे सुमारे ५ लिटर रक्त धरले तर ७५० मिलीलिटरपर्यंतचे नुकसान शरीर जवळजवळ काही न दाखवता सोसते. त्यापुढे दीड लिटरपर्यंत नाडी वाढते, हातपाय गार पडतात, वरच्या आणि खालच्या रक्तदाबातले अंतर कमी होते, रुग्ण अस्वस्थ होतो. पण वरचा रक्तदाब बहुधा टिकून असतो. तो घसरलेला दिसतो तेव्हा साधारण एक-तृतीयांश रक्त गेलेले असते. ‘बीपी नॉर्मल आहे’ हे वाक्य म्हणूनच मला पुरेसे वाटत नाही. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी रक्त जात असतानाही वाढत नाही, आणि धडधाकट तरुणाचा रक्तदाब अगदी शेवटपर्यंत टिकून मग एकाएकी कोसळतो. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी, नंतर अर्ध्या तासाने आणि पुढे तासाने नोंदी घेण्याची पद्धत यासाठीच आहे. नेमके अंतर रुग्णालयाच्या नियमानुसार बदलते.

ड्रेसिंग भिजलेले दिसले तर डागाच्या कडेने पेनाने रेघ मारून वेळ लिहावी, म्हणजे पुढच्या फेरीत डाग वाढला का हे अंदाजाने सांगावे लागत नाही. पहिले ड्रेसिंग आपण काढू नये. वरून आणखी गॉज बांधून डॉक्टरांना कळवावे. ड्रेसिंग कोरडे असले तरी रुग्णाच्या कमरेखाली आणि पाठीखाली हात घालून पाहावे, कारण रक्त उताराकडे ओघळते आणि चादरीवर साचते. पोटातला रक्तस्राव तर ड्रेसिंगवर दिसतही नाही. वाढती नाडी, फुगत जाणारे पोट, घटणारी लघवी आणि ‘मला काहीतरी होतंय’ असे रुग्णाचे म्हणणे, एवढेच हाती असते. ते म्हणणे गांभीर्याने घ्यावे.

ड्रेनमधील (शस्त्रक्रियेच्या जागेतून स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतील) स्रावाचे वर्णन करण्यासाठी चार शब्द पक्के हवेत. सँग्विनस म्हणजे लालभडक रक्ताचा, सेरोसँग्विनस म्हणजे गुलाबी पाणीदार, सेरस म्हणजे पिवळसर पाण्यासारखा, आणि प्युरुलंट म्हणजे पुवाचा. स्राव पहिल्याकडून तिसऱ्याकडे सरकत जावा आणि प्रमाण घटत जावे ही अपेक्षा असते. सेरस झालेला स्राव पुन्हा लाल झाला, हिरवट पित्तासारखा दिसू लागला किंवा त्याला घाण वास येऊ लागला तर राउंडची वाट पाहू नये. भरपूर येणारा स्राव अचानक पूर्ण थांबणे हीही चांगली बातमी नव्हे, नळी गुठळीने बंद झाली असण्याची शक्यता अधिक. सक्शनचा फुगा रिकामा केल्यावर तो दाबून हवा काढूनच बूच लावावे, नाहीतर तो ओढतच नाही. छातीच्या नळीची बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली ठेवावी आणि रुग्णाला हलवताना नळी चिमट्याने बंद करू नये. फुप्फुसातून हवा गळत असेल तर ती आत कोंडून जिवावर बेतू शकते.

वेदना आणि श्वास यांचा विचार एकत्रच करावा लागतो. शून्य ते दहा या पट्टीवर वेदना विचारताना स्वस्थ पडलेले असतानाची आणि खोकताना किंवा हलतानाची अशा दोन नोंदी घ्याव्यात. निश्चल पडून ‘दोन’ म्हणणारा रुग्ण खोकायला सांगताच ‘आठ’ म्हणतो, आणि मग तो खोकत नाही, कूस बदलत नाही, त्याच्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो. वेदना पुरेशी आटोक्यात असेल तरच दीर्घ श्वासाचा व्यायाम, म्हणजे जागेपणी दर तासाला साधारण दहा वेळा, खरोखर केला जातो. दुसरीकडे मॉर्फीनसारख्या औषधांच्या अतिरेकाने श्वास मंदावतो, पण श्वासाचा दर उतरण्याआधी बहुधा गुंगी वाढते. बोलता बोलता डोळे मिटणारा, हाक मारल्यावर कसाबसा उत्तर देणारा रुग्ण ‘शांत झोपला आहे’ असे समजू नये. पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना कळवावे. श्वास पूर्ण मिनिटभर आणि रुग्णाला उठवण्यापूर्वी मोजावेत. ऑक्सिजन चालू असताना बोटावरचे यंत्र ९८ दाखवत असले तरी श्वसन अपुरे असू शकते, हे नव्या परिचारिकांना अनेकदा माहीत नसते.

लघवीचे प्रमाण प्रौढात दर किलो वजनामागे ताशी किमान अर्धा मिलीलिटर असावे. ६० किलोच्या माणसाला ताशी ३०. कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) पिशवीत एकाएकी काहीच येईनासे झाले तर मूत्रपिंडाचा विचार करण्यापूर्वी नळी कोठे मुडपली आहे का, अंगाखाली दबली आहे का, हे पाहावे. कॅथेटर नसलेल्या रुग्णाला सहा ते आठ तासांत लघवी व्हायला हवी. थोडी थोडी, वारंवार होत असेल आणि ओटीपोट टणक लागत असेल, तर मूत्राशय तुडुंब भरून उतू जात असते. कमरेतून भूल दिलेल्यांत हे विशेष पाहावे. अशा रुग्णाला प्रथम उभे करण्यापूर्वी पायांतील हालचाल आणि संवेदना पूर्ण परतली आहे का हे तपासावे, आधी खाटेच्या कडेला बसवावे आणि चक्कर नसेल तर उभे करावे. एक-दोन दिवसांनी बसल्यावर वाढणारी व आडवे होताच उतरणारी डोकेदुखी सुरू झाली तर भूलतज्ज्ञांना कळवावे.

तापाबाबत पूर्वी असे शिकवले जाई की पहिल्या दोन दिवसांचा ताप फुप्फुसाचा, पुढे लघवीचा, मग पायातल्या गुठळीचा आणि पाचव्या-सातव्या दिवसाचा जखमेचा. लक्षात ठेवायला हा क्रम सोयीचा आहे, पण त्यावर फार विसंबू नये. पहिल्या ४८ तासांतला सौम्य ताप पुष्कळदा शस्त्रक्रियेने ऊतींना झालेल्या इजेचीच प्रतिक्रिया असतो आणि आपोआप उतरतो. अपवाद मात्र ध्यानात हवा: पहिल्या दिवशीच तीव्र ताप, दिसणाऱ्या जखमेच्या मानाने कितीतरी जास्त वेदना आणि त्वचेवर पसरत जाणारा काळपट किंवा तांबूस रंग, हे वेगाने ऊती नष्ट करणाऱ्या संसर्गाचे लक्षण असू शकते आणि त्यात तासांना किंमत असते.

पोटाच्या जखमेत पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या सुमारास एकाएकी पुष्कळ गुलाबी पाणी आले आणि रुग्णाने ‘आत काहीतरी सुटल्यासारखे वाटले’ असे सांगितले, तर आतले टाके सुटल्याचा संशय घ्यावा; याला डिहिसन्स म्हणतात. आतडी बाहेर आली तर ते इव्हिसरेशन. अशा वेळी रुग्णाजवळून हलू नये, मदतीसाठी हाक मारावी, गुडघे दुमडून डोके किंचित वर ठेवावे, बाहेर आलेला भाग निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेल्या पॅडने झाकून ओला ठेवावा, तोंडाने काहीही देऊ नये आणि आतडी आत ढकलण्याचा प्रयत्न कदापि करू नये.

पचनसंस्थेबाबत मते बरीच बदलली आहेत. आतड्याचा आवाज ऐकू येईपर्यंत आणि वात सरेपर्यंत सर्वांना उपाशी ठेवण्याची प्रथा होती. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी लवकर खाणे, लवकर चालणे आणि कमीत कमी ओपिऑइड (मॉर्फीनसारखी वेदनाशामके) असा एकत्रित मार्ग मांडला, आणि आज बहुतेक नियोजित शस्त्रक्रियांत तो स्वीकारला गेला आहे. तरी शल्यचिकित्सकांच्या आदेशाविना काही सुरू करू नये, आणि पोट फुगणे, हिरवी उलटी, वात न सरणे हे एकत्र दिसले तर खाणे थांबवून कळवावे. लवकर चालण्याने पायातील गुठळीही टळते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली तर तिला मालिश करू नये आणि पाऊल वाकवून दुखते का पाहण्याच्या जुन्या चाचणीवर भरवसा ठेवू नये. एकाएकी धाप लागली, छातीत दुखू लागले तर गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका आधी घ्यावी.

वृद्ध रुग्णांच्या गोंधळाविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नळ्या ओढणारा, ओरडणारा रुग्ण सर्वांच्या लक्षात येतो. परंतु गप्प पडून राहणारा, जेवणाकडे न पाहणारा, विचारले तर उशिरा उत्तर देणारा रुग्णही डेलिरियममध्ये, म्हणजे अशाच गोंधळलेल्या अवस्थेत, असू शकतो आणि तो ‘त्रास देत नाही’ म्हणून नजरेतून सुटतो. वयाला दोष देण्यापूर्वी ऑक्सिजन, साखर, लघवी अडकणे, वेदना, संसर्ग आणि नव्याने सुरू झालेली औषधे तपासावीत. चष्मा आणि श्रवणयंत्र शस्त्रक्रियेनंतर शक्य तितक्या लवकर परत द्यावे.

नोंद लिहिताना ‘रुग्ण बरा आहे’, ‘तक्रार नाही’, ‘ड्रेन चालू’ असे शब्द टाळावेत, कारण पुढच्या पाळीला त्यांच्याशी कशाचीही तुलना करता येत नाही. ‘ड्रेनमध्ये सहा तासांत ८० मिलीलिटर सेरोसँग्विनस स्राव, आधीच्या सहा तासांत १४०’ असे लिहावे. डॉक्टरांना फोन करताना आधी आत्ताची स्थिती, मग थोडक्यात पार्श्वभूमी, मग तुमचे निरीक्षण व अंदाज आणि शेवटी तुम्हाला नेमके काय हवे आहे, हा क्रम ठेवावा. ‘जरा येऊन पाहाल का’ याऐवजी ‘कोलिसिस्टेक्टमीनंतर चार तास झाले आहेत, नाडी ७६ वरून ११८ झाली आहे, पोट फुगते आहे, रक्तस्रावाची शंका आहे, आपण आत्ता यावे’ असे सांगितले की झोपेतून उठलेला डॉक्टरही लगेच निघतो.

घरी पाठवताना टाके काढण्याचा दिवस लिहून द्यावा: चेहऱ्याचे साधारण तीन ते पाच दिवसांत, पोटाचे सात ते दहा, हातापायांचे दहा ते चौदा, आणि सांध्यावरचे चौदा दिवसांच्या सुमारास. मधुमेह किंवा स्टेरॉइड असल्यास शल्यचिकित्सक हे दिवस वाढवतात. जखमेतील संसर्ग शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत, आणि इम्प्लांट बसवले असेल तर ९० दिवसांपर्यंतही, शस्त्रक्रियेशी संबंधित मानला जातो. म्हणून टाके निघाल्यावर लक्ष ठेवणे संपत नाही हे नातेवाइकांनाही सांगावे. लाली पसरणे, पू, ताप, वाढत जाणारी वेदना, सतत उलट्या, पायाची सूज किंवा धाप यांपैकी काही झाले तर कोठे व कोणाशी संपर्क साधायचा हे कागदावर द्यावे. आणि ‘समजले ना?’ असे विचारू नये, त्यावर प्रत्येक जण मान डोलावतो. ‘घरी गेल्यावर जखम कशी सांभाळाल आणि कोणत्या वेळी परत याल ते मला सांगा’ असे म्हणावे, आणि उत्तरात जे राहून जाईल तेवढेच पुन्हा समजावून द्यावे.